एका हाताने दाबायचं बटण

आत्याने पिशवीत पाण्याची तिसरी बाटली घातली, पिशवी उजव्या मनगटात अडकवली आणि त्याच हातात फोन धरला. डावा हात तिने टेबलावर उताणा ठेवून दिला. पुढची दहा मिनिटं तो हात वापरायचा नाही, असा तिचा नियम होता.

"आत्या निघाल्या बाजाराला," पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं.

दोघं-तिघं हसले. हा विनोद दोन महिने जुना होता आणि अजून कुणाला त्याचा कंटाळा आला नव्हता. आत्याने मान वर केली नाही. तिचा अंगठा पडद्याच्या तळाशी गेला होता. तिथे 'मी येणार' असं लिहिलेलं हिरवं बटण असायला हवं होतं. होतंही, पण नखाएवढंच. वरची कड तेवढी दिसत होती, बाकीचं सगळं खालच्या 'मुख्य पान' लिहिलेल्या राखाडी पट्टीखाली गेलं होतं. तिने कडेवर अंगठा टेकवला. पान गेलं आणि मुख्य पान आलं. पुन्हा उघडलं, पुन्हा टेकवला, पुन्हा मुख्य पान. पाचव्या खेपेला तिने पिशवी खाली ठेवली, मनगट चोळलं आणि वहीत लिहिलं, पाचपैकी शून्य.

पान एका डायलिसिस केंद्रासाठी होतं. तिथल्या पेशंटने आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत 'मी येणार' असं कळवायचं. नाही कळवलं तर त्याची पाळी दुसऱ्याला जाते. आजवर हे सगळं फोनवर चालायचं. सोमवारपासून केंद्राचा फोन बंद होणार होता आणि हे एक बटण त्याची जागा घेणार होतं. आज गुरुवार होता.

पिशवीही केंद्रातूनच आली होती, म्हणजे तिची कल्पना. दोन महिन्यांपूर्वी आत्या स्वतःची रजा टाकून तिथे दिवसभर बसून आली. कुणी सांगितलं नव्हतं, उलट टीमलीडने नाक मुरडलं होतं. तिथे तिला कळलं, की ज्या हातात सुया टोचतात त्या हाताने ही माणसं वजन उचलत नाहीत. पिशवी, छत्री, रिपोर्टांची फाइल, फोन, सगळा संसार दुसऱ्या हातात. नजरही बहुतेकांची अधू. आत्याने परत येऊन कपाटातला एक जुना फोन काढला, त्यावर सगळ्यात मोठी अक्षरं लावली आणि पाण्याच्या बाटल्या भरल्या.

भाची उघडा लॅपटॉप तळहातावर तोलत आली. खरी भाची, भावाची मुलगी. पाच वर्षांपूर्वी आत्यानेच शब्द टाकून तिला इथे लावलं होतं. पहिल्याच दिवशी पोरीने भर ऑफिसात "आत्या, डबा कुठे खायचा?" म्हणून हाक मारली आणि तेव्हापासून आत्या साऱ्या मजल्याची आत्या झाली. शिपायापासून साहेबापर्यंत कुणालाच तिचं खरं नाव चटकन आठवत नसे.

"आत्या, बाराशे बारा टेस्ट, अडतीस सेकंद. सगळं हिरवं."

"अभिनंदन, मॅडम. आता इकडे ये आणि हे दाब."

"एक तर मॅडम म्हण, नाहीतर ये म्हण."

"या मॅडम. दाबा."

भाचीने फोन घेतला. दाबलं. मुख्य पान आलं. तिने भुवया आक्रसल्या, दोन बोटांनी पडदा ओढून पाहिला. पान हलेना. सगळं एकाच पडद्यावर हवं, म्हाताऱ्या माणसांना वरखाली सरकवायला लावू नका, असं केंद्रानेच सांगितलं होतं.

"अक्षरं केवढी केली आहेस."

"फोन करू देतो तेवढी."

"इतकी मोठी कोण ठेवतं गं?"

"तिथल्या अकरांपैकी सात जणांनी ठेवली होती. मोजून आलेय."

"पण बटण पट्टीच्या वर आहे की नाही, याची वेगळी टेस्ट आहे." भाचीने लॅपटॉपवर बोट ठेवलं. "ही बघ. हिरवी."

"मग तिलाच बोलाव, ती दाबेल."

भाचीला राग आला. यायलाच हवा होता. पूर्वी या टेस्ट खऱ्या ब्राउझरमध्ये चालायच्या. कोपऱ्यातल्या एका मशीनवर खिडक्या आपोआप उघडायच्या, न दिसणारं कुणीतरी पटापट बटणं दाबायचं, रकाने भरायचं आणि चाळीस मिनिटांनी निकाल लागायचा. त्यातही दहा-बारा टेस्ट रोज उगाचच नापास व्हायच्या आणि पुन्हा चालवल्या की काही झालंच नाही अशा पास व्हायच्या. भाचीने सहा महिने खपून सगळं बिऱ्हाड ब्राउझरच्या बाहेर हलवलं. आता ब्राउझरचं सोंग घेणारा एक प्रोग्राम होता. तो पान वाचायचा, कशात काय आहे हे ध्यानात ठेवायचा, स्क्रिप्ट चालवायचा. फक्त पान रंगवायचा नाही, कारण त्याच्याकडे पडदाच नव्हता. म्हणून तर अडतीस सेकंद. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आत्याने तिच्या पाठीत जोरात थाप मारली होती. चुकीचा नंबर टाकला तर अडतंय का, दोनदा दाबलं तर नोंद एकदाच होते का, हे असलं सगळं हाताने तपासून तिची बोटं झिजली होती. त्यातून सुटका झाल्याचा तिला मनापासून आनंद झाला होता.

"ती टेस्ट वाचून दाखव मला," आत्या म्हणाली.

"पडद्याची उंची सहाशे चाळीस. खालची पट्टी छप्पन. वरची सूचना शंभर. पेशंटचं नाव, तारीख, वेळ, मग बटण. बेरीज केली की बटण पट्टीच्या बरंच वर येतं."

"हे मोजलं कुणी?"

"मोजता नाही येत तिथे. पान रंगवलंच जात नाही ना, त्यामुळे कशालाही विचारा, उंची शून्य सांगतं. मग आकडे आपणच द्यावे लागतात."

"म्हणजे आकडे आपले, बेरीज आपली आणि शाबासकीही आपलीच."

"सगळेच असं करतात, आत्या."

आत्याने फोन तिच्यासमोर धरला. तारखेच्या वर असलेली सूचना, 'सहाच्या आत न कळवल्यास आपली पाळी रद्द समजली जाईल', मोठ्या अक्षरांत फुगून निम्मा पडदा खाऊन बसली होती.

"ही शंभर आहे? कुठल्या शहाण्याने सांगितलं हे शंभर?"

भाचीने लॅपटॉप हळूच आपल्याकडे वळवून घेतला. त्यावरूनच आत्याला कळायला हवं होतं. पण आत्या रागात होती. "बघ की, नोंद असेल. कुठली ओळ कुणी घातली ते सगळं तुझ्या त्या डब्यात असतं ना?"

भाचीने दोन कळा दाबल्या आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला. ओळीशेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, सूचना १००, आत्याला विचारलं.

आत्याला आठवलं. ती खिडकीशी चहा पीत उभी होती, चहा गरम होता आणि भाचीने टेबलावरूनच विचारलं होतं, ती वरची सूचना साधारण किती उंच असेल गं? आणि ती म्हणाली होती, असेल शंभर. ना फोन पाहिला ना मोजलं. वीस वर्षं भेटेल त्याला 'स्वतःच्या डोळ्यांनी बघा' म्हणून पिडणाऱ्या बाईने कपातली साय बाजूला करता करता आकडा फेकला होता.

"मी काढून टाकते ते नाव," भाची हळूच म्हणाली. "कुणाला दिसणार पण नाही."

"हात लावू नकोस."

"अगं, पण..."

"मी बोललेय ना ते. राहू दे तिथेच."

टीमलीडने दोघींना काचेच्या खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवायचा, कुणी आजारी पडलं की घरी सोडायला स्वतः जायचा. पण वरच्यांना एकदा तारीख दिली, की ती तारीख त्याच्या मानगुटीवर बसायची आणि मग तो सगळ्यांच्या मानगुटीवर.

"दुरुस्तीला किती वेळ?" त्याने भाचीला विचारलं.

"दोन दिवस तरी. ती पट्टी सगळ्या पानांना मिळून एकच आहे. इथे बदलली की सगळीकडे बघावं लागेल."

"मग सोमवारी आहे तसं सुरू करू आणि पुढच्या आठवड्यात निवांत दुरुस्त करू."

"त्या आठवड्यात कुणाची पाळी गेली तर?" आत्याने विचारलं.

"फोन करतील की."

"फोन बंद करतायत सोमवारपासून. म्हणून तर हे पान."

टीमलीडने चष्मा काढला, डोळे चोळले. "आत्या, आता हे शेवटचंच समजा. यापुढे हाताने तपासायचं काम राहणार नाही, हे तुम्हालाही माहितीये. तुमचा करार महिनाअखेर संपतो. मी कागदपत्रांच्या विभागात तुमच्यासाठी शब्द टाकलाय. उद्या बाराच्या आत रिलीज फॉर्मवर तुमची सही आली तर मला पुढे बोलता येईल. नाही आली तर मी कुठल्या तोंडाने बोलू? आणि हिचंही बढतीचं पत्र तयार आहे, ते याच कामावर आहे."

भाचीने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवायला सुरुवात केली.

"शिवाय," टीमलीड थोडा अडखळला, "तो शंभरचा आकडा तुमचाच आहे असं नोंदीत दिसतंय. म्हणजे चूक काढायचीच झाली तर सुरुवात तुमच्यापासून करावी लागेल."

"करा," आत्या म्हणाली.

एवढं बोलून ती उठली. बाहेर आल्यावर ती पाणी प्यायच्या निमित्ताने कूलरपाशी बराच वेळ उभी राहिली. नोकरी तिला हवी होती. कागदपत्रांचा विभागही चालला असता. पंख्याखाली बसून पानांना क्रमांक घालायचे आणि साडेपाचला घर. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, तिच्या पगारावर एकच घर चालत होतं आणि त्या घरात ती एकटीच होती. ते चालायला हवं होतं.

संध्याकाळी ती भावाच्या दुकानात गेली. दादा शिंपी. दहा बाय बाराच्या गाळ्यात दोन मशिनी, एक इस्त्रीचं टेबल आणि दाराशी बिनमुंडक्याचा एक पुतळा. पुतळ्याच्या अंगावर अर्धवट कोट होता, एक बाही टाचलेली, एक नुसतीच लटकलेली.

"पोरीचा फोन आला होता," दादाने मान खाली घालूनच सांगितलं. सुईत दोरा ओवत होता. "रडली."

"मग?"

"मग काय. एक सही आहे. वीस वर्षं करत आलीस."

"बघून करत आले."

"पोरीने जीव काढलाय त्यावर. तूच तिला तिथे नेलीस, आता तूच तिच्या पायात पाय घालणार? आणि तुझं काय? या वयात कुठे जाणार आहेस पायपीट करायला?"

आत्या पुतळ्यापाशी गेली. कोटाच्या खांद्यावरून तिने हात फिरवला. बसला होता छान. कुठे चुणी नाही, ओढ नाही.

"हा गिऱ्हाइकाला कधी देणार?"

"शनिवारी ट्रायलला येतोय. मग देईन."

"ट्रायल कशाला? याला तर किती नेटका बसलाय."

दादाने सुई थांबवली. त्याला मुद्दा कळला होता आणि तो कबूल करायची त्याची इच्छा नव्हती. लहानपणीही तो हरायला लागला की असाच थांबायचा.

"याला पोट नाही," शेवटी तो म्हणाला. "हा खाली बसत नाही. हात वर करत नाही."

"तेच."

"तेच काय तेच. कोट घट्ट झाला तर मी उसवून देतो. त्याच्यापायी मी तुझ्यासारखं पोटावर पाय नाही आणत."

"दादा, तिथे उसवून द्यायला पेशंट परत येतोच असं नाही."

त्याने पायाने मशीन सुरू केलं आणि एक सरळ शिवण घातली. आत्या जायला निघाली तेव्हा म्हणाला, "जेवून जा." ती थांबली नाही. दोघांनाही एकमेकांचा राग आला होता, तो जेवणाने जाणारा नव्हता.

शुक्रवारी सकाळी रिलीज फॉर्म तिच्या टेबलावर येऊन पडला होता. एकच पान. वर केंद्राचं नाव, खाली छापलेलं वाक्य, 'सर्व तपासण्या पूर्ण झाल्या असून त्या उत्तीर्ण आहेत.' त्याखाली शेऱ्यासाठी चार रिकाम्या ओळी, ज्या आजवर कुणी भरलेल्या नव्हत्या. तळाशी उजव्या कोपऱ्यात तपासणाऱ्याची सही. झालं नाही, पाहिलं नाही, पटलं नाही, असं म्हणायला त्या कागदावर एकही चौकट नव्हती.

अकरा वाजता तिने पुन्हा पिशवी अडकवली आणि आणखी पाच वेळा दाबून पाहिलं. न जाणो, रात्रीत कुणी काही बदललं असेल. काही बदललं नव्हतं. मग तिने पेन घेतलं आणि त्या चार ओळींत ठळक, गोल अक्षरांत लिहिलं. तिचं अक्षर शाळेत असल्यापासून चांगलं होतं. लिहून झाल्यावर छापील वाक्यावर एक आडवी रेघ मारली, खाली सही केली, तारीख घातली.

पावणेबाराला टीमलीड आला. उभ्या उभ्याच.

"काय ठरलं, आत्या?"

"जे पाहिलं त्याच्यावर सही केलीय."

"बस, बस. तेवढंच हवं होतं." त्याचा चेहरा खरोखर उजळला. त्याने कागद उचलला, अंगठ्याने उजवा कोपरा जरा वर केला, सही पाहिली, तारीख पाहिली आणि चालता चालताच स्कॅनरपाशी गेला. कागद आत गेला, बाहेर आला, त्याची प्रत केंद्राला गेली. टीमलीडने तो फाइलला लावला आणि जाताना आत्याच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. "मी आजच बोलतो तुमच्यासाठी."

सात वर्षांत त्याने तिचा एकही फॉर्म वाचला नव्हता. वाचायचं कारणही नव्हतं, सगळे सारखेच असायचे. आत्याला ते माहीत होतं. पण म्हणून ती काही कुजबुजली नव्हती, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली होती.

भाचीने मात्र पाहिलं होतं. ती आपल्या जागेवरून उठून स्कॅनरशी जाऊन आली, फाइल उघडली, मिटली. डबा तिने एकटीने खाल्ला.

दुपारी साडेतीनला टीमलीडच्या टेबलावरचा फोन वाजला. केंद्राच्या इन्चार्ज सिस्टर होत्या. टीमलीडने नेहमीच्या उत्साहात स्पीकर लावला. गिऱ्हाइकाचं कौतुक साऱ्या टीमने ऐकावं असं त्याला वाटायचं.

"तुमचा कागद मिळाला," सिस्टर म्हणाल्या. आवाज बारीक, पण वॉर्डात या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा. "मी सगळे कागद वाचते, औषधाच्या बाटलीवरचं पण वाचते. यात लिहिलंय, मोठ्या अक्षरांत, एका हाताने, दहापैकी शून्य वेळा बटण दाबता आलं. बटण पट्टीखाली जातं. असं लिहून वर सहीपण केलीय."

टीमलीड फोनकडे पाहत राहिला.

"पुढे लिहिलंय, संगणकातल्या टेस्टमध्ये सूचनेची उंची शंभर धरली आहे, तो आकडा मी न मोजता सांगितला, तो चुकीचा आहे, त्या टेस्टवर विसंबू नये. मी म्हटलं, बघू तरी. पाच नंबरच्या बेडवरच्या काकांना त्यांच्या फोनवर करायला सांगितलं. तीनदा मुख्य पान आलं. चौथ्यांदा त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, सिस्टर, तुम्हीच दाबा. मी चोवीस जणांची दाबत बसू का?"

"नाही, मॅडम, म्हणजे ते पुढच्या आठवड्यात..."

"पुढच्या आठवड्यातच सुरू करा मग. आमचा फोन चालू राहील. ज्या बाईंनी हे लिहिलंय, त्यांना म्हणावं दुरुस्त झालं की इथे येऊन तपासा. त्या इथे बसून गेल्या होत्या ना, त्याच ना या? पिशवीवाल्या?"

"हो," टीमलीड म्हणाला.

फोन बंद झाल्यावर त्याने फाइल काढली आणि उभ्यानेच तो कागद वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा वरपासून वाचला. मजल्यावर कळफलकांचा आवाज थांबला होता.

"आत्या, तुम्ही मला तोंडघशी पाडलंत."

"मी सांगितलं होतं, जे पाहिलं त्याच्यावर."

"मला वाटलं..."

"तुम्हाला सही दिसली."

त्याने कागद टेबलावर ठेवला. तो ओरडणारा माणूस नव्हता, त्यामुळे काय करावं हे त्याला सुचेना. "कागदपत्रांच्या विभागाचं विसरा आता," तो म्हणाला. "महिनाअखेरपर्यंत करार आहे, तोवर या."

"येईन. त्या दुरुस्तीनंतर तपासायलाही जाईन. रजा टाकून."

आत्याला भूक लागली. दुपारचा डबा तसाच राहिला होता. तिने तो उघडून गार पोळीचा तुकडा मोडला.

तेवढ्यात भाचीच्या मशीनवरून टिंग असा आवाज आला. टेस्ट चालवून झाल्या की तो यायचा. टीमलीड सवयीने वळला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आकडे आले होते. बाराशे अकरा हिरव्या, एक लाल.

"हे काय?"

"शंभर काढून टाकलं," भाची म्हणाली. "ती सूचना किती उंच आहे हे तिथे कुणालाच माहीत नाही. म्हणून लाल."

"हिरवं कर ते. वरचे लोक बघतात हा पडदा."

"करते. आकडा सांगा." तिने बोटं कळफलकावर ठेवली. "नोंदीत तुमचं नाव घालते, सर. तुम्हाला विचारलं म्हणून."

टीमलीड काचेच्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. बढतीचं पत्र त्या खोलीतल्या खणात होतं, हे दोघींनाही माहीत होतं. भाचीने त्या दाराकडे एकदा पाहिलं. मग ती उठली, आत्याच्या टेबलाशी आली आणि खाली ठेवलेली पिशवी उचलली.

"केवढी जड आहे गं."

"तीन बाटल्या आणि एक फाइल. त्यांची जास्त असते."

भाचीने पिशवी उजव्या मनगटात अडकवली. त्याच हातात जुना फोन घेतला. डावा हात काय करायचा हे तिला क्षणभर कळलं नाही. मग तिने तो आत्यासारखाच टेबलावर उताणा ठेवला. पलीकडच्या टेबलावरची माणसं बघत होती. बाजाराचं नाव कुणी काढलं नाही.

तिने दाबलं. मुख्य पान. पुन्हा. पुन्हा. तिसऱ्या वेळी पिशवी मनगटावरून घसरून कोपराकडे गेली, फोन पडता पडता वाचला. चौथी, पाचवी.

"पाचपैकी शून्य," ती म्हणाली.

आत्याने पोळीचा घास गिळला आणि वही तिच्याकडे सरकवली.

"तुझ्या नावाने लिही."